मांजराच्या उड्या थांबत नाहीत, उडीची जागा मात्र बदलता येते

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ठाण्यात सहाव्या मजल्यावर वन बीएचके, घरात तुम्ही दोघं आणि सासूबाई. पार्किंगमधून उचलून आणलेला मन्या आता ११ महिन्यांचा झालाय. ओट्यावर उडी, फ्रिजवर उडी, तिथून माळ्यावर, मधूनच पडद्याला लोंबकळणं, आणि गेल्या आठवड्यात देव्हाऱ्यात शिरून नैवेद्याची वाटी सांडली. पाण्याचा फवारा मारून झाला, ओरडून झालं. सासूबाई म्हणतात, होता तिथे सोडून या. त्याच्या उड्या बंद कशा करायच्या आणि सोबतीला दुसरं मांजर आणलं तर तो शांत होईल का, हे तुम्ही विचारलंय.

उड्या बंद होणार नाहीत, हे आधीच स्पष्ट सांगते. मांजर शिकार करणारा प्राणी आहे आणि त्याच वेळी स्वतःपेक्षा मोठ्या प्राण्यांची शिकार होऊ शकेल एवढं लहानही आहे. उंचावर बसलं की त्याला सगळीकडे नजर ठेवता येते आणि पाठीमागून कुणी येत नाही याची खात्री असते. निरोगी तरुण मांजर जागेवरून पाच फूट सहज उडतं, तुमचा ओटा तर जेमतेम पावणेतीन फुटांचा असेल. त्यामुळे मन्याला उडण्यापासून रोखायचं, हा प्रश्न बाजूला ठेवा. कुठल्या दोन जागा त्याच्यासाठी बंद करायच्या आणि त्यांच्या बदल्यात त्याला काय द्यायचं, एवढंच ठरवायचं आहे. दोनच म्हणते, कारण ज्या घरांत ओटा, टेबल, टीव्ही, फ्रिज, कपाट, माळा सगळंच एकदम बंद करायला जातात तिथे काहीच बंद होत नाही. तुमच्या घरी ओटा आणि देव्हारा या त्या दोन जागा. फ्रिजवर बसू द्या. वरच्या काचेच्या बरण्या काढा, एक जुनी गोधडी टाका. माळ्याला दारं नसतील तर सुताराकडून सरकती दारं बसवून घ्या, तो विषय तिथेच संपेल.

पण या सगळ्याच्या आधी खिडक्या आणि गॅलरी बघा. हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सहावा मजला वाचून मला पहिली काळजी तीच वाटली. मांजर कितीही उंचावरून पडलं तरी पायावरच पडतं, त्याला काही होत नाही, असं लोक आजही म्हणतात. १९८७ साली न्यूयॉर्कमधल्या दोन पशुवैद्यांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची माहिती प्रसिद्ध केली होती. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली, आणि तेवढाच आकडा सगळीकडे फिरत राहिला. जी जागच्या जागी गेली त्यांना कुणी दवाखान्यात आणलंच नाही, हे सांगायचं राहून जातं. जी वाचतात त्यांचा जबडा फुटलेला असतो, टाळू फाटलेली असते, छातीत हवा किंवा रक्त साठलेलं असतं. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर दातांनी तोडू शकतं. डासांची फायबरची जाळी नखांनी फाटते. बाहेर काढलेल्या खिडकीच्या ग्रिलमध्ये गजांतलं अंतर बहुधा एवढं असतं की मांजराचं डोकं आरपार जातं, आणि डोकं गेलं की बाकीचं अंगही जातं. अॅल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेस स्टीलची जाळी घट्ट बसवून घ्या. एकदाच खर्च होईल.

आता ओट्याकडे वळू. मन्या ओट्यावर कशासाठी जातो हे शोधल्याशिवाय एकही उपाय करू नका. तेच वागणं वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या कारणांनी घडतं. कुणाला ओट्यावरचं खाणं हवं असतं. कुणी सिंकच्या नळाचं टपटपणारं पाणी प्यायला जातं. बऱ्याच स्वयंपाकघरांत ओट्यामागेच खिडकी असते आणि बाहेर कबुतरं बसलेली असतात. आणि कित्येक मांजरांना फक्त तुम्ही जिथे आहात तिथे, तुमच्या हातांच्या उंचीवर यायचं असतं. दोन-तीन दिवस नुसतं बघा. वर चढल्यावर त्याचं नाक कुठे जातं? ओटा हुंगत तो शेगडीकडे जातो, नळाला तोंड लावतो, खिडकीकडे तोंड करून शेपटीचं टोक हलवत बसतो, की तुमच्या कोपराला डोकं घासतो? उत्तर तिथेच सापडतं.

खाणं हे कारण असेल तर ओटा रात्रीसुद्धा कोरडा आणि रिकामा हवा. बांगड्याचं पाणी सिंकमध्ये सांडलेलं, सुकट भाजलेला तवा तसाच ठेवलेला, कचऱ्याच्या डब्याला झाकण नाही, अशा ठिकाणी कुठलंही मांजर परत येणारच. गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून ओटा पुसा, नंतर पातळ केलेलं व्हिनेगर फिरवा, माशाचा वास जातो. इथे घरातल्या सगळ्यांचं एकमत लागतं. नऊ वेळा काही मिळालं नाही आणि दहाव्या वेळी कुणीतरी कौतुकाने ओट्यावरच कोलंबीचं साल दिलं, तर सवय सुटायच्या ऐवजी आणखी पक्की होते, कारण लॉटरीच्या तिकिटासारखं आज लागेल या आशेवर तो रोज चढत राहतो. अनेक घरांत ओरडणारा एक असतो आणि गुपचूप देणारा दुसरा. आधी ते मिटवा.

मन्या रस्त्यावरचा आहे, म्हणून आणखी एक. त्याला जंताचं औषध शेवटचं कधी दिलं? भटकी पिल्लं पोटात जंत घेऊनच घरी येतात आणि एक डोस पुरतोच असं नाही. खाऊनही कायम भुकेलं, पोट फुगलेलं, केस रुक्ष असं मांजर ओट्यावर चोरी करणारच. जवळच्या पशुवैद्याकडून वजनाप्रमाणे औषध घ्या आणि शी तपासून घ्या. दहा वर्षांच्या पुढच्या मांजराबद्दल कुणी हेच विचारलं असतं, की अचानक खा-खा सुटली आहे आणि रात्रभर घरभर उड्या चालू आहेत, तर मी आधी थायरॉईडची रक्ततपासणी करायला सांगितली असती.

पाणी हे कारण असेल तर त्याची पाण्याची वाटी खाण्यापासून लांब ठेवा, पसरट घ्या, काठोकाठ भरा. वाहतंच पाणी आवडत असेल तर छोटं विजेवर चालणारं कारंजं मिळतं. खिडकीतली कबुतरं हे कारण असेल तर घरातल्या दुसऱ्या, जाळी लावलेल्या खिडकीशी त्याला बसायची उंच जागा करून द्या. नुसतं हाकलून भागणार नाही, कारण तो दृश्याचा भुकेला आहे.

आणि तुमच्या जवळ राहायचं असेल, माझ्या अनुभवात तरुण बोक्यांचं हेच कारण जास्त असतं, तर स्वयंपाकघराच्या दाराशी ओट्याएवढं किंवा थोडं जास्त उंच स्टूल ठेवा. डगमगणारं नको. वर तरटाचा किंवा सतरंजीचा तुकडा ठोका म्हणजे पाय घसरणार नाही. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करून वाटीत ठेवा. एक तुकडा त्याच्या नाकासमोर धरून हात स्टुलाच्या वर न्या. तो वर चढला, चारही पाय टेकले, की लगेच द्या. तो तिथेच थांबला तर आणखी एक. दोन-तीन मिनिटं पुरे, तेही त्याच्या जेवणाआधी. दोन-चार दिवसांत तुम्ही स्वयंपाकघरात शिरलात की तो आपणहून स्टुलावर जाऊन बसेल. मग चिरता चिरता मधूनच एक तुकडा द्या, आणि दोन तुकड्यांमधला वेळ हळूहळू वाढवत न्या.

यात एक बारीक गोष्ट आहे आणि बहुतेकांचा सगळा खटाटोप तिथेच फसतो. मन्या ओट्यावर चढला, तुम्ही त्याला स्टुलावर बोलावलंत, तो गेला, तुम्ही चिकन दिलंत. तुमच्या मते तुम्ही खाली उतरण्याचं बक्षीस दिलं. मन्या शिकला ते वेगळंच: आधी ओट्यावर चढायचं, मग बोलावतात, मग चिकन मिळतं. काही दिवसांनी तो तुमच्याकडे बघत मुद्दाम ओट्यावर उडी मारेल आणि थेट स्टुलाकडे वळेल. म्हणून बक्षीस तो ओट्याकडे जाण्याआधी, स्टुलावर बसलेला असतानाच द्यायचं. चढलाच तर काही न बोलता, त्याच्याकडे न बघता दोन्ही हातांनी उचला, जमिनीवर ठेवा आणि कामाला लागा. ओरडणं, पळत येणं, ‘अरे मन्या!’ म्हणणं, कंटाळलेल्या मांजराला हे सगळं खेळासारखंच वाटतं.

फवाऱ्याचं असंच झालंय. तुम्ही लिहिलंय की आम्ही समोर असलो की चढत नाही, बाहेर गेलो की ओट्यावर पावलांचे ठसे सापडतात. म्हणजे तो शिकला, पण ‘आई घरात असताना चढायचं नाही’ एवढंच. शिवाय काही मांजरं पाण्यामुळे ओट्याला नाही, तुम्हालाच घाबरायला लागतात, आणि घाबरलेलं मांजर आणखी उंच जागा शोधतं. फवारा फेकून द्या. तुम्ही घरात नसतानाही ओटा त्याला नकोसा वाटायला हवा, आणि तेवढ्यासाठी ओट्याची कडच कामाला लागते. मांजर उडी मारतं तेव्हा पुढचे पाय कडेपासून वीतभर आत टेकतात. जुन्या पुठ्ठ्याच्या वीतभर रुंद पट्ट्या कापा, त्यांवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा आणि काम नसताना ओट्याच्या कडेने मांडून ठेवा. पायाला चिकट लागणं त्यांना अजिबात आवडत नाही. काही मांजरांना अॅल्युमिनियम फॉइलही चालत नाही, पण त्यांना फॉइलची सवय लवकर होते. मोठा आवाज होईल असे पत्र्याचे डबे रचून ठेवू नका. मांजर बिथरून उलटं शेगडीवर पडलेलं आहे. स्वयंपाक चालू असताना तर कुठलाच सापळा नको, आणि बर्नर बंद केल्यावर त्यावर पाण्याचं पातेलं ठेवायची सवय लावा. तळपाय भाजलेली मांजरं दवाखान्यात येतात ती बहुतेक बंद केलेल्या, पण गरम शेगडीवर पाय पडल्यामुळेच.

घरगुती म्हणून सुचवल्या जाणाऱ्या चार गोष्टी कृपा करून वापरू नका. डांबराच्या गोळ्या ओट्याच्या कोपऱ्यात ठेवणं, फिनाईलने ओटा पुसणं, मिरपूड किंवा तिखट भुरभुरवणं आणि लिंबा-संत्र्याचं तेल शिंपडणं. मांजराच्या यकृताला फिनॉल आणि त्यासारखी रसायनं नीट निचरून टाकता येत नाहीत. पायाला लागलेलं तो चाटून साफ करतो, म्हणजे सगळं पोटात जातं. डांबराच्या गोळीने रक्तपेशी फुटतात. मुलांच्या आणि वृद्धांच्या घरात तरी या गोळ्या मुळातच नसाव्यात.

आता देव्हारा. सासूबाईंचं दुखणं इथलं आहे आणि मला ते अगदी रास्त वाटतं. त्यांना समजावण्याआधी मन्या तिथे का जातो ते बघू. दूध-साखरेची वाटी, निरांजनातलं तूप, हलणारी ज्योत, फुलांचा हार, आणि दिवसातले बरेच तास तिथे कुणीच नसतं. मांजराला हवं ते सगळं तिथे आहे. भर म्हणजे पहाट आणि संध्याकाळ या मांजराच्या सर्वांत चपळ वेळा, आणि पूजा-दिवेलागणीच्याही त्याच.

माझी काळजी मात्र दुधापेक्षा दोऱ्याची आहे. हार-गजऱ्यांचा दोरा, कापसाचं वस्त्र, तुपात भिजलेली वात या गोष्टी मांजर चघळता चघळता गिळून टाकतं. त्याची जीभ खरखरीत असते, काटे आतल्या बाजूला वळलेले, त्यामुळे एकदा तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकणं त्याला अवघड जातं. एक टोक जिभेखाली अडकतं, बाकीचा दोरा आतड्यात जातो, आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि ठिकठिकाणी कापलं जाऊ शकतं. सणाच्या दिवसांनंतर मी अशा मांजरांची पोटं उघडलेली आहेत. मन्या उलट्या करू लागला, खाणं सोडलं, तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तर तो अजिबात ओढू नका. कापूही नका. तसाच घेऊन दवाखान्यात जा. निर्माल्य त्याच दिवशी झाकणाच्या डब्यात जाऊ द्या. सासूबाईंना हे कळलं की देव्हाऱ्याला दार बसवण्याला त्यांचाच दुजोरा मिळेल असं मला वाटतं.

दार हाच इथला खरा उपाय. लाकडी देव्हाऱ्याला सुतार जाळीचं झडप-दार बसवून देतो, लोहचुंबकाची कडी लावली तर मांजराला उघडता येत नाही. भिंतीवरचा उघडा देव्हारा असेल तर त्याच्या आसपास चढायला पायरी होईल असं काही ठेवू नका: खुर्ची, स्टूल, टीव्हीचं कपाट. समई आणि निरांजन कुणी समोर बसलेलं असतानाच तेवत राहू द्या. शेपटीला ज्योत लागायला एक फेरी पुरते. आणि वेळ बदला. पूजेच्या अर्धा तास आधी मन्याला खेळवायचं आणि खाऊ घालायचं, म्हणजे सासूबाई पूजेला बसेपर्यंत तो अंग चाटून झोपलेला असेल.

हा खेळ म्हणजे नुसता विरंगुळा नाही, म्हणून त्याबद्दल थोडं. मांजराचा क्रम ठरलेला आहे: दबा, झडप, खाणं, अंग चाटणं, झोप. काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला पीस किंवा फडक्याची गाठ बांधा. ती त्याच्या तोंडासमोर नाचवू नका, कोणतंही भक्ष्य शिकाऱ्याकडे धावत येत नाही. सोफ्याच्या कोपऱ्यामागे सरपटत न्या, थांबवा, पुन्हा किंचित हलवा. त्याची मागची बाजू डुलायला लागली की समजा आता झेप येणार. मधूनमधून पकडू द्या. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं, आणि शेवटी लगेच जेवण. मग काठी कपाटात बंद, कारण तिलाही दोरीच आहे. दिवसाचं खाणं दोन मोठ्या वाट्यांऐवजी चार-पाच लहान भागांत द्या. घरी कुणी नसताना कोरडं खाणं भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा, ती लोळवत लोळवत काढून खाण्यात त्याचा वेळ जातो.

पडद्यांचं मी फार मनावर घेणार नाही. ती बहुतेक लहान वयाची हौस, दीड वर्षापर्यंत आपोआप कमी होते. तोवर पडदे चिमट्याने वर अडकवा आणि नखांची टोकं दर दोन-तीन आठवड्यांनी कापा. नखं कायमची काढायचा विचार कुणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा, त्यात बोटाचं शेवटचं हाडच कापतात. नखं घासायला किमान तीन फूट उंच, जड बुडाचा खांब द्या. बाजारातला महाग वाटला तर लाकडी वाशाला सुतळी किंवा काथ्या घट्ट गुंडाळून घरी करता येतो. पावसाळ्यात रस्त्याकडेला खोकली नावाची वनस्पती उगवते, तिच्या मुळाच्या वासाने पुष्कळ मांजरं लोळायला लागतात. ओळखीची असेल तर मूळ धुऊन खांबावर घासा, खायला मात्र देऊ नका.

दोन जागा बंद करताना एक जागा द्यायची, ती अशी: हॉलमध्ये, तुम्ही बसता तिथून दिसेल अशा भिंतीवर फूटभर रुंद प्लायवूडच्या तीन-चार फळ्या, एकीपासून दुसरी फूट-सव्वा फूट वर, सर्वांत वरची फ्रिजपेक्षा उंच. वर सतरंजी चिकटवा. ब्रॅकेट भक्कम हवेत, चार किलोचं मांजर उडी मारून येतं तेव्हा फळीवर चार किलोपेक्षा बराच जास्त भार पडतो, आणि एकदा हललेल्या फळीवर ते परत पाय ठेवत नाही. आतल्या खोलीत, जिथे कुणी बसत नाही, तिथे फळ्या लावल्यात तर पैसे वाया जातील. भाड्याचं घर असेल तर लोखंडी कपाटाच्या माथ्यावर गोधडी आणि चढायला शेजारी स्टूल एवढंही चालतं.

पहिला आठवडा वाईट जाईल. जिथे आजवर काहीतरी मिळत होतं तिथे मिळेनासं झालं की मांजर आधी जास्त जोर लावतं, जास्त वेळा चढतं, ओरडतं. याच वेळी लोक म्हणतात की उपाय लागू पडत नाही, आणि सोडून देतात. खरं तर तो लागू पडायला लागल्याचं ते लक्षण आहे. किती दिवस लागतील हे घरातल्या शिस्तीवर आहे. सगळे एकसारखं वागले तर महिन्याभरात फरक स्पष्ट दिसतो, एकजण जरी चोरून ओट्यावर देत राहिला तर वर्षभरही दिसणार नाही.

नसबंदी झाली आहे का हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाली नसेल तर करून घ्या. त्याने ओट्यावरच्या उड्या थांबणार नाहीत, पण बाहेर पळायची धडपड आणि भिंतींवर लघवी मारणं पुष्कळ कमी होतं. सहाव्या मजल्यावर बाहेर पळायची धडपड म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

सोडून येण्याबद्दल सासूबाईंना एवढंच सांगा की वर्षभर घरात वाढलेला बोका पार्किंगमध्ये परत गेला तर तिथले बोके त्याला टिकू देत नाहीत आणि अन्न शोधण्याची सवयही त्याला उरलेली नाही. पाळलेला प्राणी उपाशी मरेल अशा अवस्थेत टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे.

आणि दुसरं मांजर: आत्ता नको. मन्याला खिडकी, उंची, खेळ आणि वेळेवर खाणं हवंय, ते दुसरं मांजर देऊ शकत नाही. वन बीएचकेमध्ये दोघांचं पटलं नाही तर दोघंही जमीन सोडून वरच राहतील, म्हणजे फ्रिज आणि ओटा. फळ्या लागल्या, ओटा सुटला, आणि त्यानंतरही तो दिवसभर एकटा कंटाळलेला वाटला तर तेव्हा लिहा. तोवर ओट्यामागच्या खिडकीचा आणि देव्हाऱ्याचा फोटो इथे टाका, टेपच्या पट्ट्या आणि दार कुठे बसेल ते नेमकं सांगते.